बाबेलच्या बंदिवानांना आलेले पत्र

बायबलमधली काही वचने पुस्तकातून सुटून स्वतंत्रपणे फिरत असतात. यिर्मयाच्या पुस्तकातल्या एकोणतिसाव्या अध्यायातले अकरावे वचन त्यांपैकी एक. लोकांविषयी देवाच्या मनात जे बेत आहेत ते त्यांच्या भल्याचे आहेत, वाइटाचे नाहीत, आणि पुढल्या काळाची आशा त्यांना द्यावी हाच त्याचा संकल्प आहे, असा या वचनाचा आशय. ख्रिस्ती घरांतल्या दिनदर्शिकांवर, परीक्षेला बसणाऱ्या मुलांच्या शुभेच्छापत्रांत, नोकरी गेलेल्या माणसाला मोबाइलवर पाठवलेल्या संदेशांत ते हमखास भेटते. वाचणारा ते थेट स्वतःला लावून घेतो. अडलेली नोकरी, लांबलेले लग्न, रखडलेला व्हिसा, सगळे लवकरच मार्गी लागणार असे देवाने आपल्याला सांगितले आहे, असे तो धरून चालतो. पण हे वचन एका पत्रातला मजकूर आहे. त्या पत्राला लिहिणारा आहे, ज्यांना लिहिले ते लोक आहेत, पत्र घेऊन गेलेल्या दोघांची नावे आहेत. इतकेच नव्हे, तर पत्र वाचून संतापलेल्या एका माणसाची तक्रारही त्याच अध्यायात जपून ठेवलेली आहे. हे सगळे बाजूला सारून एकच वाक्य उचलले, तर ज्या समजुतीला उत्तर म्हणून यिर्मयाने पत्र लिहिले तीच समजूत आपण त्याच्या तोंडी घालतो. माझ्या मते हा त्या लिहिणाऱ्यावर अन्याय आहे, आणि ज्याला धीराची खरोखर गरज आहे अशा वाचकावर तर त्याहून मोठा.

हे पत्र कोणत्या दिवसांतले, ते आधी पाहू. इ.स.पू. ६०५ मध्ये कार्कमीशच्या लढाईत बाबेलच्या नबुखद्नेस्सराने इजिप्तच्या सैन्याचा धुव्वा उडवला आणि यहूदाचे चिमुकले डोंगरी राज्य बाबेलचे मांडलिक झाले. काही वर्षांनी तिथल्या राजाने खंडणी थांबवली. पुढची हकीकत दोन्ही बाजूंनी लिहिलेली मिळते, आणि प्राचीन इतिहासात असा योग क्वचितच येतो. बाबेलच्या राजांच्या मोहिमा वर्षवार टिपणारी एक मातीची पाटी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. डोनाल्ड वाइझमन यांनी ती १९५६ साली वाचून प्रसिद्ध केली. कारकिर्दीच्या सातव्या वर्षी राजाने यहूदाच्या नगराला वेढा घातला, अदार महिन्याच्या दुसऱ्या दिवशी ते घेतले, तिथल्या राजाला पकडले, आपल्या पसंतीचा राजा गादीवर बसवला आणि जबर खंडणी घेऊन तो परतला, अशी त्यात कोरडी नोंद आहे. आपल्या गणनेने तो दिवस इ.स.पू. ५९७ मधल्या मार्चच्या मध्यावर येतो. बायबलमधल्या राजांच्या दुसऱ्या पुस्तकात हीच घटना पराभूतांच्या बाजूने येते. पकडलेला राजा यहोयाखीन अवघा अठरा वर्षांचा होता आणि गादीवर बसून त्याला जेमतेम तीन महिने झाले होते. त्याच्याबरोबर त्याची आई, दरबारी, योद्धे, सुतार, लोहार असे सगळे कर्ते लोक नेले गेले. एका ठिकाणी त्यांचा आकडा दहा हजार दिला आहे, तर यिर्मयाच्या पुस्तकाच्या अखेरीस ३,०२३. मात्र यरुशलेम अजून उभे होते. मंदिर उभे होते. गादीवर यहोयाखीनचा चुलता सिद्कीया होता. नगराचा आणि मंदिराचा खरा विध्वंस दहा-अकरा वर्षांनी व्हायचा होता. म्हणून मागे राहिलेल्यांना काय किंवा नेलेल्यांना काय, हे संकट थोड्या दिवसांचे वाटत होते. मंदिरातली लुटलेली भांडी परत येतील, तरुण राजा परत येईल, सगळे पूर्ववत होईल, अशी आशा बाळगायला तेव्हा जागा होती.

त्या आशेला राजकारणानेही खतपाणी घातले. बाबेलच्या त्याच बखरीत दहाव्या वर्षी खुद्द बाबेलमध्येच बंड झाल्याची नोंद आहे. म्हणजे इ.स.पू. ५९५-५९४चा सुमार. त्याच सुमारास अदोम, मवाब, अम्मोन, सोर आणि सिदोन या शेजारी राज्यांचे वकील यरुशलेमात जमल्याचे यिर्मयाचा सत्ताविसावा अध्याय सांगतो. साम्राज्य डळमळते आहे, आता एकजूट करावी, असा तो विचार असणार. यिर्मया त्या वेळी मानेवर लाकडी जू घेऊन फिरत होता. बाबेलचे जू झुगारू नका, हा संदेश त्याला लोकांच्या डोळ्यांपुढे मांडायचा होता. मग मंदिरात, याजक आणि जमलेल्या लोकांसमोर, हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा पुढे झाला. त्याने त्याच देवाचे नाव घेतले, संदेष्ट्यांची ठरलेली भाषा वापरली आणि जाहीर केले की दोन वर्षांच्या आत भांडी परत येतील, यहोयाखीन परत येईल, सगळे बंदिवान परत येतील. यिर्मयाचे पहिले उत्तर विलक्षण आहे: असेच होवो, असे तो मनापासून म्हणतो. त्याला ही वार्ता खोटी ठरवण्यात आनंद नव्हता. पण आजवरच्या संदेष्ट्यांचा अनुभव निराळा आहे आणि शांतीचे भाकीत करणाऱ्याची पारख ते खरे ठरल्यावरच होते, एवढे तो बजावतो. तेव्हा हनन्याने ते जू यिर्मयाच्या मानेवरून काढून मोडून टाकले. त्या क्षणी यिर्मया काहीच न बोलता निघून गेला, असे पुस्तक सांगते; देवाचे उत्तर त्याला मागाहून मिळाले. सुटका जवळ आहे, देव आपल्या बाजूचा आहे, थोडेच दिवस कळ काढा, हा हनन्याचा संदेश. आज अकराव्या वचनातून आपण बहुतेक वेळा जे ऐकतो ते हेच नाही का?

पत्राचा अध्याय येतो तो या प्रसंगानंतर लगेच. शाफानाचा मुलगा एलासा आणि हिल्कीयाचा मुलगा गमऱ्या हे दोघे सिद्कीया राजाचे वकील म्हणून नबुखद्नेस्सराकडे निघाले होते, त्यांच्या हाती ते दिले गेले. वाट लांबची होती. पुढल्या काळात एज्रा बाबेलहून यरुशलेमला आला तेव्हा त्याला चार महिने लागले. पत्र कोणाला आहे ते सुरुवातीलाच स्पष्ट आहे: नेलेल्यांतले उरलेले वडीलधारे, याजक, संदेष्टे आणि सगळे लोक. एका माणसाच्या खासगी अडचणीवरचा हा सल्ला नव्हे, एका उखडलेल्या समाजाला उद्देशून लिहिलेले हे लेखन आहे. त्यात आधी कामे सांगितली आहेत. घरे बांधा आणि त्यांत राहा. बागा लावा आणि त्यांची फळे खा. लग्ने करा, मुलाबाळांची लग्ने लावून द्या, नातवंडे होऊ द्या. तिथे संख्येने वाढा, घटू नका. ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याचे कुशल पाहा, त्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या कुशलातच तुमचे कुशल आहे. तुमच्यातले जे संदेष्टे आणि स्वप्ने सांगणारे लवकर सुटकेच्या गोष्टी करतात त्यांच्या नादी लागू नका. मग येते ती मुदत: बाबेलची सत्तर वर्षे भरल्यावर मी तुम्हाला परत आणीन. आणि या मुदतीला लागूनच अकरावे वचन येते. देवाचे बेत भल्याचे आहेत हे वाक्य सत्तर वर्षांची बातमी ऐकून ज्यांच्या पायाखालची जमीन सरकली त्यांना सांगितले आहे. ते त्या बातमीचे कारण सांगते, बातमी मागे घेत नाही.

सत्तर वर्षे म्हणजे किती, हे ऐकणाऱ्याच्या वयाने मोजून पाहावे. पंचविशीतला लोहार असेल तर त्याला परतीचा दिवस पाहायला नव्वदीच्या पुढे जगावे लागले असते. प्रत्यक्षात कोरेशाने, म्हणजे इराणच्या सायरसने, बाबेल जिंकले ते इ.स.पू. ५३९ मध्ये, पहिल्या बंदिवानांना नेल्यापासून अठ्ठावन्न वर्षांनी. मंदिर पुन्हा बांधून पुरे व्हायला ५१५ उजाडले. सत्तर हा आकडा नेमका कुठून कुठवर मोजायचा यावर अभ्यासकांत पूर्वीपासून वाद आहे, पण त्या काळच्या माणसांना तो कसा ऐकू आला असेल याचा एक सुंदर पुरावा असिरियात सापडतो. सन्हेरिबाने इ.स.पू. ६८९ मध्ये बाबेल उद्ध्वस्त केले होते. त्याचा मुलगा एसर्हद्दोन याने ते पुन्हा बांधताना शिलालेखात लिहवून ठेवले की मार्दुक देवाने नगराच्या उजाडपणाची मुदत सत्तर वर्षे ठरवली होती, पण त्याला दया आली आणि त्याने आकडा उलटा केला. कीलाक्षर लिपीत साठाची उभी खूण आणि दहाची कोनाकृती खूण शेजारी मांडली की सत्तर होतात. त्याच खुणांची जागा बदलली की उभी खूण एकाची होते आणि आकडा अकरा वाचला जातो. देवाचा कोप होऊन एखादी भूमी एका माणसाच्या आयुष्याएवढी उजाड राहते, असा अर्थ त्या प्रदेशात सत्तर या आकड्याला चिकटलेला होता, हे यावरून दिसते. बाबेलच्या देवाने आकडा उलटवला अशी कथा ज्या मुलखात सांगितली जात होती, तिथेच यिर्मया सांगत होता की हा आकडा उलटणार नाही.

हे पत्र गोड लागले असेल अशी कल्पना करून घ्यायला नको, कारण त्याचा परिणाम आपल्यासमोर आहे. बाबेलमधल्या शमाया नावाच्या माणसाने यरुशलेमच्या सफन्या याजकाला उलट पत्र धाडले. मंदिराची व्यवस्था तुमच्याकडे आहे, वेडगळ संदेष्ट्यांना खोड्यात अडकवणे तुमचे काम आहे, मग या यिर्मयाला का आवरले नाही, असा त्याचा जाब. तक्रारीचे कारणही त्याने दिले आहे: हा मनुष्य आम्हाला सांगतो की हे दिवस लांबणार, घरे बांधा, बागा लावा. अकराव्या वचनाचा पहिला नोंदलेला वाचक हा असा आहे. ज्या पत्रात आज लाखो लोकांना सर्वांत गोड वाक्य सापडते ते वाचून त्याला लिहिणाऱ्याला कोंडून घालावेसे वाटले. कोणत्याही अर्थ लावणाऱ्याने ही प्रतिक्रिया गंभीरपणे घ्यावी. मूळ श्रोत्याला जे बोचले ते आपल्याला मुळीच बोचत नसेल, तर वाचताना मधले काहीतरी गळले आहे हे नक्की.

पत्रातल्या सूचना पाळल्या गेल्या का, हे सांगणारा पुरावा मातीतूनच निघाला आहे. बाबेलच्या उत्खननात रॉबर्ट कोल्डेवाय यांना राजवाड्यात शिध्याच्या नोंदी सापडल्या. एर्न्स्ट वाइडनर यांनी त्या १९३९ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यांत यहूदाचा राजा म्हणून यहोयाखीनचे नाव आहे, आणि त्याच्या पाच मुलांना दिलेल्या तेलाची नोंद आहे. त्यांतली एक पाटी इ.स.पू. ५९२ची आहे, म्हणजे पत्रानंतर काहीच वर्षांची. दोन वर्षांत परत येईल असे हनन्याने ज्याच्याविषयी सांगितले होते तो राजा परत आला नाही. सदतीस वर्षांनी त्याला बंदिखान्यातून काढून बाबेलच्या राजाच्या पंक्तीला बसवले, आणि त्याचा शेवट तिथेच झाला. पण त्याला परमुलखात मुले झाली, आणि इतिहासाच्या पहिल्या पुस्तकातल्या वंशावळीप्रमाणे त्याचा नातू जरुब्बाबेल. तोच पुढे परत आलेल्यांचा पुढारी आणि यरुशलेमचा अधिकारी झाला. सामान्य लोकांचे काय झाले ते कळायला आणखी पंचाहत्तर वर्षे जावी लागली. बाबेलच्या मुलखातल्या ‘यहूदानगर’ नावाच्या वस्तीशी आणि आसपासच्या गावांशी संबंधित शंभराहून थोड्या अधिक पाट्या लॉरी पीअर्स आणि कॉर्नेलिया वुन्श यांनी २०१४ साली संपादून प्रसिद्ध केल्या. त्यांतली सर्वांत जुनी इ.स.पू. ५७२ची. खजूर आणि जवाचा सारा, कर्जे, जमिनी, बैल, वारसांच्या वाटण्या असले व्यवहार त्यांत आहेत, आणि करणाऱ्यांच्या नावांत यहूदाच्या देवाचे नाव गुंफलेले आहे. अहीकाम नावाच्या एका शेतकऱ्याच्या घराण्याच्या पिढ्या या पाट्यांतून हाताला लागतात. परक्या राजाला सारा भरणारे हे लोक अकराव्या वचनातल्या आशेचे पहिले वारसदार. ती आशा त्यांच्यापर्यंत पाचव्या आणि सहाव्या वचनातल्या घरा-बागांच्या, लग्नकार्यांच्या वाटेने आली.

मग वाक्य पत्रापासून तुटले कसे? पुष्कळसा हात छपाईचा आहे. बायबलचे आजचे अध्याय तेराव्या शतकाच्या सुरुवातीचे, स्टीफन लँग्टन यांच्या नावावर असलेले; वचनांचे आजचे आकडे सोळाव्या शतकात रोबेर एस्तिएन या मुद्रकाच्या आवृत्त्यांमुळे रूढ झाले. शोधायला सोय झाली, आणि त्याबरोबर प्रत्येक आकडा म्हणजे स्वतंत्र सुविचार असेही वाटू लागले.

आता आक्षेपांकडे. सर्वांत वजनदार आक्षेप श्रद्धावंताचा आहे. हे देवाचे वचन आहे, ते सर्व काळांसाठी आहे, त्याला सहाव्या शतकातल्या बाबेलमध्ये कोंडून ठेवणारे तुम्ही कोण? शिवाय नव्या कराराचे लेखक तरी संदर्भ कुठे पाळतात? होशेय संदेष्ट्याने इस्राएल लोकांच्या इजिप्तमधून सुटण्याविषयी लिहिलेले वचन मत्तय बाळ येशूच्या इजिप्तहून परतण्याला लावतो. हा आक्षेप टाळून चालणार नाही. पण मत्तयाची योजना नीट पाहिली तर ती संदर्भ विसरून केलेली नाही, संदर्भावर उभी आहे. इस्राएलाचा इजिप्तमधून निघण्याचा इतिहास वाचकाच्या मनात जागा असेल तरच येशूच्या बालपणात तो पुन्हा घडतो आहे हे त्याला जाणवेल. पहिला अर्थ पुसला तर दुसरा कोसळतो. यिर्मयाच्या बाबतीत तर बायबलच आपल्याला एक आदर्श वाचक दाखवते. दानीएलाच्या नवव्या अध्यायात दानीएल यिर्मयाचे ग्रंथ उघडून सत्तर वर्षांचा हिशेब करतो, उपास करतो, आपल्या लोकांची पापे कबूल करतो, आणि मग त्याला सत्तर वर्षांच्या जागी सत्तर सप्तकांचा नवा अर्थ मिळतो. तो खूप पुढे जातो, पण मुदतीपासून सुरुवात करून पुढे जातो. मुदत वगळून फक्त गोड भाग उचलत नाही. वचन सर्व काळांसाठी असणे आणि ते आधी कोणाला सांगितले गेले हे विचारणे यांत वैर नाही. ज्या देवाने त्या लोकांना तसे सांगितले तो कोणत्या स्वभावाचा आहे, हे त्यातून कळते, आणि आजच्या श्रद्धावंताला वचन लागू होते ते त्या वाटेने. ही पद्धत पाश्चात्त्य संशयवाद्यांनी आणली असेही समजण्याचे कारण नाही. चौथ्या शतकातला अंत्युखियाचा योहान ख्रिसोस्तोम, अकराव्या शतकातला फ्रान्समधला यहुदी भाष्यकार राशी हे दोघेही पक्के श्रद्धावंत, आणि दोघांचाही भर वचनाच्या सरळ, प्रसंगाला धरून असलेल्या अर्थावर आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली तर स्पष्टच सांगितले की लेखकाला त्याच्या काळात, त्याच्या लेखनप्रकारात काय म्हणायचे होते ते शोधणे हे अर्थ लावणाऱ्याचे कर्तव्य आहे.

दुसरा आक्षेप उलट दिशेचा आहे. मूळ संदर्भ म्हणता, पण तो ठाम कुठे आहे? यिर्मयाच्या पुस्तकाचा प्राचीन ग्रीक पाठ हिब्रू पाठापेक्षा सुमारे एक अष्टमांशाने लहान आहे. त्यात हे पत्र छत्तिसाव्या अध्यायात येते आणि आपल्या प्रतींतली सोळा ते वीस ही वचने त्यात नाहीत. मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांत मिळालेल्या काही हिब्रू तुकड्यांचा पाठही त्या आखूड पाठाशी जुळतो. म्हणजे पुस्तक पिढ्यांच्या हातांखालून गेले आहे, हे मान्यच करायला हवे. पण या मतभेदाची व्याप्तीही पाहावी. घरे बांधा ही आज्ञा, नगराच्या कुशलाची प्रार्थना, सत्तर वर्षांची मुदत, भल्याचे बेत आणि शमायाची तक्रार दोन्ही पाठांत आहेत. कडा धूसर असल्या तरी मधला भाग लख्ख आहे. आणि तो पाहायला हिब्रू यावी लागत नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आयुष्याची अखेरची अनेक वर्षे देऊन मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साऱ्या बायबलचे मराठी भाषांतर केले, ते सामान्य बायाबापड्यांच्या हाती पुस्तक थेट पडावे म्हणूनच. मराठी बायबल हातात असलेल्या कोणालाही सत्ताविसाव्या अध्यायापासून एकोणतिसाव्याच्या शेवटापर्यंत वाचायला अर्धा तास पुरतो, आणि हनन्या, जू, वकील, शमाया सगळे त्या अर्ध्या तासात भेटतात. मराठी परंपरेला ही दृष्टी परकीही नाही. महानुभावांनी चक्रधरस्वामींची सूत्रे वेगळी काढली, तेव्हा कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी, कोणाला उद्देशून निरूपिले हे सांगणारा ‘प्रकरणवश’ नावाचा ग्रंथही त्यांनी सिद्ध केला. सूत्र सुटे झाले की त्याचा प्रसंग हरवतो, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

तिसऱ्या आक्षेपाला मात्र तर्काने उत्तर देणे पुरेसे नाही. दवाखान्यात खाटेवर पडलेली एखादी बाई या वचनाने तग धरून आहे. तिच्यापुढे नबुखद्नेस्सराची बखर उघडायची का? मुळीच नाही. त्या घटकेला तिला कोणाची व्याख्याने नकोत, सोबत हवी. पण तिच्यासाठीच तर हा खटाटोप आहे. हे वचन म्हणजे आपण बऱ्या होणार असा करार आहे असे तिला सांगितले असेल, आणि आजार हटला नाही, तर तिच्यापुढे दोनच वाटा उरतात: देव खोटा, किंवा आपली श्रद्धा उणी. दोन्ही क्रूर आहेत, आणि दुसरी अधिक, कारण ती आधीच खचलेल्या माणसाच्या माथी दोष मारते. पत्र अख्खे वाचणाऱ्या पाळकाकडे किंवा शेजारणीकडे तिला देण्यासारखे निराळे काही असते. हे वचन मुळात अशांनाच सांगितले होते ज्यांच्यातले बहुतेक जण परतीची वाट पाहतच बाबेलमध्ये वारले, आणि तरीही देवाच्या मनात त्यांच्याविषयी भलेच आहे असे त्यांना सांगितले गेले. दिवस लांबले म्हणून देवाने टाकले असे होत नाही. हा धीर आजार हटला नाही तरी टिकतो.

आणि अकराव्या वचनातले भले म्हणजे नक्की कसले, तेही पत्रच सांगते. फक्त चार वचने मागे जावे लागते. शत्रूच्या नगराचे कुशल आणि तुमचे कुशल एकमेकांत गुंतलेले आहे, असे सातवे वचन म्हणते. ज्यांनी आपले घर उजाड केले त्यांच्या शहरासाठी प्रार्थना करा, ही आज्ञा बायबलच्या जुन्या करारात जवळजवळ एकटीच उभी आहे. सुटे केलेले अकरावे वचन वाचणाऱ्याला हे अवघड अर्धे कधीच भेटत नाही, पण जुन्या वाचकांनी मोल केले ते याच अर्ध्याचे. सिनेगॉगमध्ये राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करण्याची यहुदी प्रथा याच वचनाचा आधार घेते. रोम लुटले गेल्यानंतरच्या वर्षांत ऑगस्टीनने देवाच्या नगराविषयी आपला मोठा ग्रंथ लिहिला, त्याच्या एकोणिसाव्या भागात, परक्या नगरीच्या शांततेत ख्रिस्ती माणसाचेही हित कसे आहे हे सांगताना, तो याच पत्राचा दाखला देतो. कोरेशाने परतीची मोकळीक दिल्यावरही पुष्कळ यहुदी बाबेलच्या मुलखातच राहिले, आणि पत्रानंतर हजारएक वर्षांनी त्याच भूमीत बाबिलोनी तालमूद सिद्ध झाला. आपले मूळ त्या बंदिवासापर्यंत नेणाऱ्या बगदादच्या यहुदी समाजातले डेव्हिड ससून १८३२च्या सुमारास मुंबईला आले. भायखळ्याचे मागेन डेव्हिड सिनेगॉग आणि पुण्याचे लाल देऊळ त्यांनी आपल्या समाजासाठी उभारले. त्यांच्याच देणगीतून पुण्यात ससून रुग्णालय झाले, ते मात्र सगळ्या शहरासाठी. या दानामागे यिर्मयाचे पत्र होते असा पुरावा कोणी देऊ शकणार नाही, आणि तसा दावा करायचेही कारण नाही. पण घर, प्रार्थनास्थळ आणि परक्या शहराचे कुशल या तीन गोष्टी एकाच समाजाच्या हातून एकत्र घडताना पाहिल्या, की बाबेलच्या बंदिवानांना एलासा आणि गमऱ्या यांच्या हाती नेमके काय सांगून पाठवले होते, ते समजायला सोपे जाते.